उलटे फोटो

सेफाकोरताई समुद्रकाठची बाई. आमच्या डोंगरावर भाषा गोळा करायला आली तेव्हा मला तिची शिसारी यायची. म्हाताऱ्यांच्या तोंडाजवळ यंत्र धरायची आणि विचारायची काय, तर बकरीच्या लेंडीला किती शब्द आहेत! जखमेतल्या पुवाला काय म्हणता, ओल्या खोकल्याला काय! मी गावचा हेडमास्तर. माझ्या शाळेत समुद्रकाठची एवे भाषा आणि इंग्रजी चालायची. आमची बोली पोरांनी विसरावी म्हणून मी छडी वापरली होती. आणि ही बाई त्याच बोलीत माझ्या शिपायाला शिव्या घालायची, तेही अचूक.

सतरा वर्षं टिकली. बोलीचा कोश झाला, मग ती बहिऱ्यांच्या खुणांकडे वळली. आमच्या गावात घरटी एखादं माणूस जन्मापासून बहिरं. त्यामुळे हातांनी बोलणं ऐकणाऱ्यांनाही येतं. जिल्ह्याच्या बहिऱ्यांच्या शाळेत मात्र पोरांना राजधानीच्या खुणा शिकवतात. सुट्टीत घरी आली की त्यांना आईशीही बोलता येत नाही. त्यांच्यासाठी गावच्या खुणांचं पुस्तक करायचं, एवढाच ताईचा ध्यास.

खुणा दिल्या माझ्या मावशीनं, झिग्बोर्दीनं. ती बहिरी. माझ्या जन्माआधी पामतेलाची कढई उलटून तिचा उजवा हात खांद्यापर्यंत भाजला होता, बोटं चिकटलेली. सगळं बोलणं डाव्या हातानं. आमच्याकडे डावा हात कुणापुढे करणं म्हणजे अपमान, पण मावशीच्या डाव्या हाताचा राग गावात कुणाला यायचा नाही. ती डोंगराकडे तोंड करून बसायची आणि ताई फोटो काढायची. आमच्या खुणांत दिशा महत्त्वाची: मूठ उगवतीकडे नेऊन उघडली की जन्म, तीच मावळतीकडे नेऊन उघडली की मरण. आठशे खुणा झाल्या. पुस्तक राजधानीच्या एका कार्यालयानं छापायला घेतलं.

छापून झाल्यावर तिथले साहेब गाडीतून आले. बसण्याआधी बाक रुमालानं पुसला, मावशीकडे पाहून तोच रुमाल नाकाला लावला. ताईनं पुस्तक उघडलं, चार पानं उलटली आणि तिचा चेहरा आंबट झाला.

"हे काय केलंय?"

"काही नाही मॅडम, फोटो फक्त आरशासारखे फिरवून घेतले. आता सगळीकडे उजवा हात दिसतो. किती सभ्य वाटतं बघा!"

"सभ्य? अहो, डोंगराकडे तोंड करून हे पान वाचा. जन्मावर मरण छापलंय तुम्ही! पोरगी घरी येऊन सांगेल 'मला भाऊ झाला', आणि आई ऊर बडवेल."

"एक शुद्धिपत्र लावू की."

"आठशे फोटोंना?"

साहेबांनी संमतीचा कागद ताईपुढे सरकवला. सही केली तर सोमवारी पुस्तकं शाळेत. नाही केली तर सगळा गठ्ठा लगद्याला आणि पुन्हा छपाई होणार नाही. हे त्यांनी चहात साखर किती घालू विचारावं तसं सांगितलं. मला त्या माणसाची मनापासून किळस आली.

मावशीनं पुस्तक ओढून घेतलं. फोटोतली बाई तिच्यासारखीच, पण भाजका हात डावीकडे. तिनं पानावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या चिकटल्या बोटांवर, आणि ताईकडे बघत राहिली. ताईनं तिला सगळं हातांनी सांगितलं, कागदाचंही.

मावशीनं मान हलवली. नको.

ताईनं कागद परत सरकवला. "घेऊन जा. पण एक सांगा, डावा हात वाईट दिसतो हे तुम्हाला शिकवलं कुणी? तुम्ही तर इथं कधी फिरकलाही नाहीत."

"आम्ही गावातल्या जाणत्या माणसाचा अभिप्राय घेतला होता," साहेब म्हणाले आणि पिशवीतून पत्र काढलं. पत्र माझं होतं. 'मुलांच्या पुस्तकात डावा हात शोभत नाही, शिवाय बाईंचा दुसरा हातही पाहवत नाही. योग्य तो बदल करावा.' खाली माझी सही, शाळेचा शिक्का. राजधानीतून कुणीतरी मत विचारलंय या गुर्मीत लिहिलं होतं मी ते.

मावशीनं पत्राकडे बोट दाखवलं. काय लिहिलंय?

मी ताईकडे पाहिलं, डोळ्यांनी विनवलं. पण या बाईनं सतरा वर्षांत कुणाचा शब्द मऊ करून दिला नव्हता. तिनं शब्द न् शब्द हातांनी सांगितला, 'पाहवत नाही' सकट.

मावशी माझ्याकडे वळली. तिनं सावकाश हात हलवला. सगळं दोन वाक्यांचं.

"काय म्हणतायत त्या?" साहेबांनी विचारलं.

"एलिकेम, तूच सांग," ताई म्हणाली.

"ताई, तू सांग ना."

"तुझी मावशी आहे. तुला कळलंय."

साहेब पेन उघडून वाट बघत होते.

"ती म्हणते," मी म्हणालो, "'याची आई बाळंतपणात गेली. याला मी याच डाव्या हातानं भरवून मोठा केला.'"