फ्यूज कनवटीला

हौशी रेडिओवाल्यांच्या गच्चीवरचे अँटेनाचे मनोरे बघायला लोक मान वर करतात. खाली दोरी धरून उभ्या बाईकडे कुत्रंही बघत नाही, म्हणून तिचंच सांगतो.

तिला सगळे दोरीवाली म्हणतात. नवरा वर चढतो, ती खालून हत्यारं पाठवते. दोरीला एक हिसका म्हणजे पाठव, दोन म्हणजे उतरव. उभी राहून राहून कंबर कामातून गेली, तळव्यांना घट्टे पडलेत. आणि तिचा एक नियम आहे. नवऱ्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवायच्या आत अँटेना फिरवणाऱ्या रोटरचा फ्यूज काढून कनवटीला लावायचा. खाली कुणी सहज बटण दाबलं, तर वरच्या माणसाचे हात चिरडतात.

त्या दिवशी एका निवृत्त साहेबांचा रोटर अडकला होता. नवरा वर पोचला, मग दोरी गप्प झाली.

"अहो, पाना पाठवू?"

दोरी नुसती थरथरत होती. हल्ली तो जिना उतरतानाही भिंत धरायचा, हे तिने पाहिलं होतं. आता दोन्ही हातांनी खांब कवटाळून बसला असणार. कमरेचा पट्टा खांबाला अडकवलेला, म्हणून पडणार नाही. पण खालीही येणार नाही.

"झोपला काय वर?" साहेब म्हणाले.

"तुमचा पलंग ठेवलाय का वर?"

"तो फ्यूज द्या बरं. फिरवून बघतो, सुटला तर सुटला. संध्याकाळी माझी रेडिओवरची स्पर्धा आहे."

"माणूस खाली आला की मिळेल."

"दोन मिनिटांचं काम आहे, बाई."

"मग दोन मिनिटं तुम्ही जा वर."

साहेबांनी घड्याळात बघितलं. नवऱ्याला चक्कर येतेय का, असं चारचौघांत विचारलं असतं, तर तो हट्टाने वरच राहिला असता. तिने हाक मारली, "अहो, माझे हात गळाले. दोरी धरवत नाही. खाली या आधी."

बराच वेळ काही हललं नाही. मग पट्ट्याची कडी वाजली. एकेक पायरी चाचपत तो उतरला आणि पाण्याच्या टाकीला टेकून बसला. चेहरा चुन्यासारखा.

"हात बघू तुझे."

"बघायचंय काय त्यात. दुखतात रोजचेच."

"उद्या येतो, साहेब," तो म्हणाला.

तिने फ्यूज साहेबांच्या हातावर ठेवला. "दुसरा चढणारा बघा."

दोरीचं वेटोळं केलं. त्याच्या कमरेचा पट्टा सोडून स्वतःच्या खांद्यावर टाकला.

त्याने तो परत मागितला नाही.