आली

दातांच्या डॉक्टर बाई "आली" म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं, आता कळ येणार. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. पण आली होती ती माझी किडकी दाढ, आणि ती बाईंच्या पकडीत होती.

इतकी वर्षं भाकरी चावलेली दाढ माझ्याच तोंडातून निघाली आणि मला पत्ता नाही. शेजारच्या घरात कुणी कपाट सरकवावं तशी नुसती करकर डोक्यात ऐकू आली होती. बाईंनी दाढ ट्रेमध्ये ठेवली. वरचा तुकडा काळा, पोखरलेला, आणि खाली दोन लांब, धडधाकट मुळं. मी रोज घासत होतो तो तिचा केवढासा भाग होता. ही एवढी मोठी दाढ माझ्यातच राहत होती आणि मी तिला आज पहिल्यांदा बघत होतो.

घरी येऊन मी कापसाचा बोळा दाबून बसलो. बायकोने नंतर आइस्क्रीम दिलं, ते बधिर ओठावरून ओघळलं. मला दुखत कसं नाही, याचीच भीती वाटायला लागली होती. घरातलं माणूस जावं आणि रडूच येऊ नये, तसं काहीतरी.

दिवेलागणीला बधिरपणा उतरला. जीभ सवयीने तिथे गेली, मऊ खड्ड्यात पडली आणि दचकून मागे आली. मग कानापर्यंत एक सणक गेली.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

डोळ्यांत पाणी होतं. तरी मी सुटल्यासारखा म्हणालो, "आली."