एकदाच विचारणाऱ्या ताई

न्हावऱ्याच्या ताई कुणालाही कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारत नसत. चहा घेणार का, असं त्यांनी विचारलं आणि पाहुणा रीतीप्रमाणे "नको, नको, आत्ताच झाला" म्हणाला, की त्या "बरं" म्हणून पातेलं खाली उतरवत. आपल्याकडे पहिला नकार हा नकार नसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दोनदा नको म्हणायचं आणि मग पुढे आलेला कप घ्यायचा. ताईंच्या घरून मात्र भली भली माणसं कोरड्या घशानं परत गेली. "ताईकडं जायचं तर घरनं चहा पिऊन निघावं," असं लोक म्हणत. मीही एकदा तसाच परतलो. पुढच्या वेळी त्यांनी तोंड उघडायच्या आत मी "घेणार" म्हणून मोकळा झालो.

मी वरवंडचा शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी. ताईंचे वडील, आबा, यांच्याकडून मी कोकरं घ्यायचो. आमच्या दोन्ही घराण्यांच्या मागच्या पिढ्या मेंढरांमागे फिरल्या. मी तीच मेंढरं विकून घर उभं केलं आणि आबांनी विकून लेकीला शिकवलं. ताई पुण्याच्या एका प्रयोगशाळेत रक्ताच्या कॅन्सरवर संशोधन करायच्या आणि सुट्टीला एसटीनं गावी यायच्या. नावामागे डॉक्टर लागलेलं, म्हणून सुरुवातीला लोक दुखणी घेऊन दारात बसायचे. "मी माणसांची डॉक्टर नाही, पेशींची आहे," असं ताई सांगायच्या. शेजारच्या म्हातारीनं एकदा विचारलं, "मग माझ्या गुडघ्यात पेशी न्हाईत व्हय गं?"

"आहेत की. पण त्या काढून पुण्याला न्याव्या लागतील. चालेल?"

म्हातारीनं लुगडं गुडघ्यावर ओढलं आणि ती उठली. तेव्हापासून त्यांचं नाव 'पेशीवाल्या ताई' पडलं.

त्या नेमकं काय करतात, हे मला आबांच्या मेंढरांच्या वाड्यावर, लोकर कातरणी चालू असताना कळलं. ताई तिथंच पोत्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "आपल्या प्रत्येक पेशीत आरएनए नावाचे धागे असतात. ते कच्चे असतात, जास्तीचं टोक कापल्याशिवाय कामाला येत नाहीत. ते कापायला एक कातर असते. आता गंमत बघा, ती कातरसुद्धा त्याच धाग्याची बनलेली असते."

आबा मेंढीचा पाय धरून खो खो हसले. "लोकरीची कातर आन् ती लोकर कापती? आगं, कुणाला सांगू नकोस, नोकरी जाईल तुझी."

"शास्त्रज्ञांनाही आधी असंच हसू आलं होतं, आबा," ताई म्हणाल्या. रक्ताच्या कॅन्सरमध्ये ही कातर वेगळी वागते का आणि ती अडवली तर बिघडलेल्या पेशीचं काय होतं, एवढंच त्या शोधत होत्या. मी विचारलं, "मग औषध कधी निघणार?" त्या म्हणाल्या, "माहीत नाही. माझ्या हयातीत निघेलच असं नाही." मला तेव्हा नवल वाटलं होतं. माल विकायला बसलेल्या माणसानं मालाबद्दल असं बोलू नये.

पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या म्हणजे त्यांना वेळच्या वेळी खाणं घालावं लागतं, जुनं पाणी काढून नवं द्यावं लागतं. त्यासाठी ताई सख्ख्या चुलतभावाच्या लग्नातून अक्षता पडताच निघाल्या. वऱ्हाडात कुजबूज झाली. आबा म्हणाले, "हिची मेंढरं सुटली, पर चारापाणी काय सुटलं न्हाई आमच्या घराचं." ते तक्रार करीत होते की कौतुक, ते मला कळलं नाही. ताईंना कळलं असावं, कारण त्यांनी जाताना आबांच्या खांद्यावर हात ठेवला.

माझ्या धंद्यात बोलण्यापेक्षा न बोलण्याला किंमत. भाव रुमालाखाली बोटं धरून होतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. आणि भाव जमत नसला की पाठ फिरवून चालू लागायचं. समोरच्याला माल हवा असेल तर तो हाक मारतोच. जो आधी बोलला तो हरला. एवढ्या एका गोष्टीवर मी उभा राहिलो. दौंडपासून शिरूरपर्यंतच्या बाजारात माझी पाठ ओळखणारे लोक आहेत.

ताई एकदा आबांसाठी दुभती शेळी घ्यायला माझ्याकडे आल्या. मी भाव सांगितला. "मला नाही परवडणार," म्हणाल्या, नमस्कार केला आणि खरंच निघाल्या. मला वाटलं, बापाची लेक आहे, पाठ दाखवायला शिकली. मी हाक मारली, "अहो ताई, थांबा की! घरच्या माणसाला मी तो भाव लावीन का?" आणि निम्म्यावर आलो. त्या वळल्या आणि अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, "मग मघाचा भाव कुणासाठी होता, आप्पा?"

शेळी त्यांनी नेली. मी मात्र त्या दिवशी गड्यावर उगाच खेकसलो.

मग दत्तू आजारी पडला. दत्तू माझा धाकटा भाऊ. सणसवाडीच्या एका कारखान्यात कामाला होता. तिथं असतानाच त्याला ताप यायला लागला, अंगावर निळे डाग उठायला लागले. तपासणीत रक्ताचा कॅन्सर निघाला आणि आम्ही पुण्याच्या दवाखान्यात दाखल झालो. दुसऱ्या दिवशी कमरेच्या हाडातून मगज काढून तपासायचा आणि लगेच औषधाची सलाईन सुरू करायची, असं ठरलं. त्या संध्याकाळी वॉर्डात ताई आल्या. त्यांच्या संशोधनासाठी त्या दवाखान्यातून नमुने जात असत, हे मला तेव्हाच समजलं.

ताईंनी स्टूल ओढलं आणि माझ्याशी नाही, दत्तूशी बोलायला सुरुवात केली. "उद्या मगज काढतीलच. त्यातला थोडासा जास्तीचा मला संशोधनासाठी हवा आहे. औषध सुरू व्हायच्या आधीचाच लागतो, नंतरचा चालत नाही. याचा तुम्हाला काही फायदा होणार नाही. नाही म्हणालात तरी उपचारात काडीचा फरक पडणार नाही. आणि ओळखीची आहे म्हणून हो म्हणू नका."

दत्तूनं माझ्याकडे बघितलं. "आप्पा म्हणतील तसं."

"तुमचं काय म्हणणं आहे, दत्तू?"

"आप्पाचं तेच माझं, ताई."

माझ्या डोक्यात बाजार सुरू झाला होता. या बाईला काहीतरी हवं आहे, म्हणजे आपल्या हातात काहीतरी आहे. मला पैसा नको होता, देवाशपथ नको होता. ताईंनी मोठ्या डॉक्टरांना शब्द टाकावा, कुठं नवं औषध असेल तर पहिलं आमच्या दत्तूला मिळावं, एवढंच हवं होतं. पण ते आधी बोललो तर हरलो.

"न्हाई द्यायचं," मी म्हणालो. "आमच्या पोराचं रक्त काय रस्त्यावर पडलंय?" आणि पाठ फिरवून जिन्याकडे चालू लागलो. पायऱ्या मुद्दाम सावकाश उतरलो.

मागून ताईंचा आवाज आला. मी थांबलो. त्या दत्तूला विचारत होत्या, "काही खाल्लंत का? आईंना घरी फोन लावून देऊ?"

सकाळी मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिलो. ताई हातात बर्फाची पेटी घेऊन आल्या. दुसऱ्या कुणा पेशंटनं हो म्हटलं असावं. मला बघून थांबल्या. मी मनात म्हटलं, आता.

"आप्पा, चहा झाला का?"

"व्हय, झाला."

"दत्तूला धीर द्या. थोडं दुखेल," असं म्हणून त्या आत गेल्या. दत्तूला नेलं, परत आणलं, सलाईन लागली. मी बाकावरून उठलोच नाही. हाकेची वाट बघत होतो.

बऱ्याच दिवसांनी, औषधानं डोक्यावरचे केस गेल्यावर, दत्तू एकदा म्हणाला, "आप्पा, त्या ताई परत आल्या न्हाईत का वं? मला द्यायचं व्हतं." मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तो हसला. "तुमच्यापुढं कवा बोललोय? पर वाटत व्हतं, एवढं दुखणं आलंय तर त्यातलं चमचाभर तरी कुणाच्या उपेगी पडावं. न्हाईतर नुसतंच दुखायचं म्हंजी काय?"

मी तसाच मोटरसायकल काढून न्हावऱ्याला गेलो. त्या दिवशी ताई घरी होत्या. मी अंगणातूनच ओरडलो, "घ्या! किती पायजे तेवढं घ्या! तो हो म्हणतोय."

ताई ओसरीवर आल्या. "आता नाही घेता येणार, आप्पा. औषध सुरू झालंय. आता त्या पेशी आधीच्या राहिल्या नाहीत."

"मग तवा एकदा परत विचारायला काय झालं व्हतं? सकाळी मी बाकावर बसून व्हतो. जीभ झिजली असती का? तुमच्या बापाला विचारा, बाजारात पहिलं 'न्हाई' कुणी खरं धरतं का?"

आबा आतून म्हणाले, "आप्पा, आवाज खाली." ताईंचा आवाज चढला नव्हता. "आजारी माणसाला मी दुसऱ्यांदा विचारलं, तर त्याला वाटतं, हो म्हटल्याशिवाय हे लोक नीट बघणार नाहीत. मग त्याचं 'हो' हे भीतीचं 'हो' होतं. म्हणून आम्ही एकदाच विचारतो." मग म्हणाल्या, "माझं चुकलंही असेल. तुमचं 'नाही' मला खरं वाटलं."

मला उभ्या बाजारात कुणी थोबाडीत मारली असती तर मी परत मारली असती. याला काय मारणार? गाडीला किक मारली आणि निघालो.

त्याच वर्षी दत्तू गेला. दहाव्याला ताई आल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. आई नंतर म्हणाली, "ती पोरगी काय बी बोलली न्हाई. माझ्या शेजारी बसून व्हती, बरं वाटलं." मी आईला म्हटलं, "ती दगड हाय." आई म्हणाली, "असू दे. दगडाला टेकता तरी येतं." दवाखान्यात ताईंनी काय मागितलं आणि मी काय केलं, यातलं आईला काही माहीत नाही. दत्तूनं सांगितलं नाही आणि मला जमलं नाही.

राग मी सोडला नाही, आजही पुरता सोडलेला नाही. एक हाक मारली असती तर काय बिघडलं असतं, हे मी रात्रंदिवस त्यांच्याशी मनात भांडतो. पण भांडण जिंकत आलं की दत्तूचं 'मला द्यायचं व्हतं' ऐकू येतं आणि सगळा सौदा माझ्या अंगावर पडतो.

अशी बरीच वर्षं गेली. यंदा आबांनी सांगितलं की ताईंना लांब दुसऱ्या राज्यात काम मिळालंय, आता सणावारालाच येतील. मी कुणाला न सांगता दौंडला पुण्याच्या गाडीत बसलो आणि प्रयोगशाळेत गेलो. खोलीत खोकी बांधलेली होती. ताई पांढऱ्या डगल्यात होत्या, केस पिकले होते. मी बसायच्या आधीच बोललो. मी, आधी बोललो. "निरोगी माणसाचं रक्तही तुम्हाला ताडून बघायला लागतं, असं आबा म्हणाले. माझं घ्या."

त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही. साखर आहे का, गोळ्या चालू आहेत का, विचारलं. मग तेच सगळं सांगितलं: तुम्हाला फायदा नाही, कधीही नाही म्हणता येईल. मी मान हलवत राहिलो. शेवटी न राहवून म्हणालो, "एक करा. त्या नळीवर दत्तूचं नाव लिहा."

"नाही लिहिता येणार, आप्पा."

"मग त्याच्या जागी तरी धरा."

ताईंनी दंडाला बांधायची पट्टी हातातून खाली ठेवली. "त्याच्या जागी काहीच नाही धरता येत. मलाही नाही येत. हे रक्त तुमचं आहे. तुमचं म्हणून ते कामाला येईल. द्यायचंय का?"

माझा पाय दाराकडे वळला होता, सवयीनं. बाही वर केली. सुई टोचताना ताई म्हणाल्या, "तो हसरा होता." एवढंच. पाच मिनिटांत काम झालं. त्यांनी कापूस दाबून वर चिकटपट्टी लावली आणि जिन्यापर्यंत सोडायला आल्या. मी खाली उतरेपर्यंत त्या वरच उभ्या होत्या. मी हात जोडायला हवे होते. ते राहून गेलं.

घरी पोचलो तर आई उंबऱ्यात बसली होती. तिनं हातावरची चिकटपट्टी बघितली. "काय लागलं रं?"

दारापर्यंत ठरवलं होतं की सांगायचं. "बोकडानं शिंग मारलं," मी म्हणालो.

आई आत गेली, वाटीत हळद घेऊन आली. चिकटपट्टी सोडवली, सुईचा तो एवढासा ठिपका नीट बघितला. त्यावर हळद दाबत म्हणाली, "नशीब, खोल गेलं न्हाई." मी हात तसाच तिच्यापुढे धरून बसलो.