माझ्या शिफ्टमधली खोट

लिनक्स या कॉम्प्युटर-प्रणालीवर एकाच कॉम्प्युटरमध्ये दोन-तीन वेगवेगळे डेस्कटॉप, म्हणजे स्क्रीनवरच्या मांडण्या, ठेवता येतात. चालू केल्यावर त्यातला कोणता समोर यावा, हे सेटिंगमध्ये एकदा ठरवलं की झालं. आमच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी बाबांसाठी अगदी साधा डेस्कटॉप ठरवून दिला होता. मोठी चित्रं, खाली मराठी नावं.

बाबांनी उभा जन्म नारपोलीतल्या कापड कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवला. त्या खडखडाटाने ऐकू कमी येऊ लागलं, पण साठीनंतर हट्टाने मराठी टायपिंग शिकले आणि आळीतल्या लोकांना अर्ज लिहून द्यायला लागले. लोक आपल्याकडे काम घेऊन येतात, याचा त्यांना फार अभिमान.

एका रविवारी मला तो साधा डेस्कटॉप बघवेना. मी माझ्या आवडीचा चकचकीत टाकला, चालू केल्यावर तोच उघडेल असं करून ठेवलं आणि बाबांना सांगायला विसरले. विसरले कसली, सांगायची गरजच वाटली नाही मला.

सोमवारी संध्याकाळी कामावरून आले, तर बाबा एकही चित्र नसलेल्या स्क्रीनसमोर घामाघूम होऊन बसलेले. शेजारच्या काकू पाण्याच्या तक्रारीचा अर्ज लिहून घ्यायला आल्या होत्या आणि तासभर ताटकळल्या होत्या. काय झालंय ते मला बघताक्षणी कळलं: माझ्या नव्या डेस्कटॉपवर ती मोठी चित्रंच नव्हती. तरी मी म्हणाले, "तुम्हीच काहीतरी दाबलं असेल, बाबा."

काकूंसमोर माझी चूक निघायला नको, एवढ्यासाठी मी बापावर खोटा आळ घेतला.

बाबांनी वाद घातला नाही. लूमवर कापडात खोट निघाली, की ती ज्याच्या शिफ्टमध्ये निघाली त्याची, हा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब.

"मी बसलेलो ना, मग माझ्याकडूनच झालं असंल," ते म्हणाले.

मी दोन मिनिटांत जुना डेस्कटॉप परत आणला. पोरगी लय हुशार हाय, असं ते काकूंना कौतुकाने सांगत होते. माझी मान वर होईना.

तेव्हापासून बाबा कॉम्प्युटर बंद करण्याआधी मला हाक मारतात. शिफ्ट सुटताना पुढच्या माणसाला लूम दाखवून जायचे, तसे खुर्चीतून उठून बाजूला उभे राहतात.

"बघून घे. सगळं जागच्या जागी हाय ना?"

मी बघते आणि हो म्हणते. त्या रविवारी डेस्कटॉप बदलून उठताना मी त्यांना असं बोलावलं नव्हतं, हे अजूनही त्यांना सांगितलेलं नाही.