ठमीचा पास

वनिता पोशीरची. खालापूरजवळच्या एका औषधांच्या पॅकिंग कारखान्यात संगणक सांभाळायची. तशी शांत बाई. पण त्या सकाळी फाटकाबाहेर ठमीला उभी पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ठमी डोंगरातल्या वाडीवरून पायी कामाला येई. फाटकावरचं यंत्र म्हणत होतं, पास संपला. पासावर तर पाच डिसेंबर छापलेलं, आणि नोव्हेंबर अजून सरला नव्हता. कालही तिला असंच परत पाठवलं होतं. आणखी एक खाडा लागला की नाव कमी, असा तिथला नियम.

कारखान्याचे व्यवस्थापक मालोजीसाहेब म्हणाले, वाडीवरच्या माणसांना पास वेळेवर बदलून घेता येत नाही. वनिताने पास त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचललाही नाही.

दातओठ खात ती जागेवर येऊन बसली. यंत्राचं घड्याळ पाहिलं, बरोबर. पासाची नोंदही बरोबर. मग तिने दोन्ही तारखा पडद्यावर एकाखाली एक काढल्या. आजची 28-11-2025, पासाची 05-12-2025. आणि कपाळावर हात मारला. यंत्रासाठी तिनेच लिहिलेली स्क्रिप्ट तारखांकडे नुसती अक्षरं म्हणून पाहत होती, डावीकडून एकेक. वरचा दोन खालच्या शून्याहून मोठा, म्हणजे पास संपला. महिन्यापर्यंत पोचायचं कामच नाही. पूर्वी ती वर्ष आधी लिहायची, तेव्हा हे घडत नसे. आपल्याकडे दिवस आधी लिहितात, वॉचमनला वाचता आलं पाहिजे, असं साहेबांनी परवा फर्मावलं आणि तिने मुकाट्याने बदललं. तपासलं तेही एकाच महिन्यातल्या तारखांवर. स्वतःचाही राग आला तिला.

दाखवायला दिवस आधी, ताडून पाहायला वर्ष आधी, असं तिने करून टाकलं. साहेब म्हणाले, ठीक, आता घ्या तिला आत. कालचा खाडा मात्र राहू दे.

"काल ती आली होती, साहेब. फाटक आपण उघडलं नाही," वनिता म्हणाली. "खाडा लावायचाच तर माझ्या नावावर लावा. आणि शेजारी तुमच्या."

साहेबांनी तिच्याकडे न बघता खाडा काढून टाकला.

फाटकावर यंत्राने हिरवा दिवा दाखवला. ठमी आत आली नाही.

"उद्या परत संपला म्हनलं तर?"

"मला हाक मार."

"तू आत, मी भाएर. आयकू जाईल का गं?"

वनिताने वॉचमनची खुर्ची ओढली, यंत्रापाशी लावली आणि पाळीची सगळी माणसं आत जाईपर्यंत तिथून हलली नाही.