शमिकाने गणपती परत आणला

आमची शमिका मराठी बोलत नाही, हे मी आता लोकांना आधीच सांगून टाकते. नाहीतर मंडळाच्या कार्यक्रमात बायका तिला गाठून "काय गं, कशी आहेस?" विचारतात, ती जर्मनमध्ये "गुट", म्हणजे बरी, म्हणते, आणि सगळ्या माझ्याकडे बघतात. जसं काही मीच तिच्या जिभेला कुलूप घातलंय! समजतं तिला सगळं. मी फोनवर बहिणीशी कुणाची उणीदुणी काढायला लागले की बरोबर कान टवकारते. पण उत्तर मात्र जर्मनमध्ये. मी मराठीत ओरडायचं, तिने जर्मनमध्ये उलट बोलायचं, असा आमचा डार्मश्टाटमधला संसार. तिचे बाबा, उल्हास, गाड्यांच्या ब्रेकचे इंजिनिअर, पण आम्हा दोघींना ब्रेक लावायला काही ते कधी पुढे आले नाहीत.

पोरगी हट्टी. इथल्याच विद्यापीठात पाण्याचं काहीतरी शिकते. गेल्या वर्षी म्हणाली, एक सेमेस्टर जहाजावर करणार. वर्ग जहाजावर, झोपायचं जहाजावर, ब्रेमरहाफेनहून निघून बंदरं घेत घेत पार हिंदी महासागरात. मी म्हटलं, "अगं, तळ्यातल्या बोटीत तुला उलटी होते!" "या, या, मामा," म्हणजे हो गं आई, म्हणाली आणि उन्हाळ्यात गेलीसुद्धा.

सप्टेंबरात जहाज मॉरिशसला लागलं. तिथे मराठी माणसं आहेत, शेदीडशे वर्षांपूर्वी ऊस तोडायला नेलेल्यांची नातवंडं-पतवंडं, एवढं मला ऐकून माहीत होतं. जहाजावरच्या मुलांना तिथे एकेका घरी पाहुणे म्हणून पाठवतात. पाहुण्यांची सोय लावणाऱ्या बाईंनी शमिकाचं आडनाव पाहिलं आणि तिला नेमकं एका मराठी घरी धाडलं, तेही गणपतीच्या दिवशी. घर पंढरीनाथकाकांचं. म्हातारा माणूस, बायको गेलेली, घरात एक लग्न न झालेली मुलगी, नैना. ती हॉटेलात नोकरी करते. तिला इंग्लिश येतं, मराठी थोडंफार कळतं, पण बोलता येतं ते आरतीपुरतंच. काकांना मराठी येतं, पण इंग्लिश नाही. क्रिओल आणि फ्रेंच दोघांनाही येतं आणि आमच्या बाईसाहेबांना त्यातलं एकही येत नाही. म्हणजे काकांशी बोलायचं तर मराठीच. अशी कोंडी मला वीस वर्षांत करता आली नव्हती!

दुसऱ्या दिवशी शमिकाचा फोन आला, हळू आवाजात, अर्थात जर्मनमध्ये. मूर्ती काका स्वतः मातीची घडवतात. पण त्यांचे गुडघे गेलेत आणि मुलगा नाही. म्हणून हा या घरातला शेवटचा गणपती, असं त्यांनी गावाला सांगून टाकलंय. मोदक वळता वळता नैनाने तिला हे सांगितलं होतं, आणि सांगताना तिने एकदाही वर पाहिलं नव्हतं. काकांच्या आजोबांनी उसाच्या शेतातून माती आणून सुरू केलेला गणपती. मला फार वाईट वाटलं. त्यात शमिकाने पुढचं सांगितलं: मूर्ती समुद्रात न्यायचा मान काकांनी तिला दिला होता. "तू मुलखातली. तूच ने," म्हणाले. मुलखातली! पोरगी जन्मली डार्मश्टाटच्या इस्पितळात!

त्याच दुपारी मिरवणूक निघाली तेव्हा व्हिडिओ लावलेला शमिकाचा फोन मिलनच्या हातात होता. मिलन तिच्या वर्गातला जर्मन मुलगा, भला आहे. तो सगळ्यांच्या पुढे उलटा चालत आम्हाला दाखवत होता. आणि काय सांगू, मी बघतच राहिले. ढोलकीचा ठेका तोच, जो माझ्या आजोळी रत्नागिरीला वाजायचा. तशीच फेर धरून नाचणारी माणसं, तेच वाकणं, तीच गिरकी. सात समुद्रांपलीकडे, ज्यांनी महाराष्ट्र डोळ्यांनी पाहिलासुद्धा नाही, त्यांच्या पायांना हे कसं ठाऊक? मग समुद्र दिसला. हिरवा, निळा, लांबवर पांढऱ्या लाटांची रेघ, आणि त्यात कमरेइतक्या पाण्यात उभं अख्खं गाव. उल्हास नुसतं "बापरे" म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

काका वाळूत खुर्चीवर बसले. शमिका मूर्ती छातीशी धरून पाण्यात शिरली. एकदा बुडवली, दोनदा, तीनदा. सगळे मोरया म्हणून ओरडले. आणि आमची कन्या वळली, मूर्ती ओढणीने पुसत पुसत सरळ किनाऱ्यावर परत आली!

ढोलकी थांबली. मी कपाळावर हात मारला.

"अहो, हे तुमच्यामुळे!" मी उल्हासना म्हटलं.

"मी काय केलं?"

काय केलं! आमचा गणपती पंचधातूचा. इथे नदीत काही सोडायचं तर नियम आडवे येतात, आणि हे नियमाचे पक्के. दरवर्षी बाल्कनीत निळी बादली, तीन बुडक्या, टॉवेलने पुसायचं आणि देव कपाटात. मंडळाचा गणपती फायबरचा, तोही पाणी शिंपडून केलरमध्ये, म्हणजे तळघरात, जातो. देव परत येत नाही, हे या पोरीने जन्मात पाहिलेलं नाही!

तिकडे ओल्या मातीचा रंग तिच्या हातांवरून ओघळत होता. काका घाबरेघुबरे होऊन उठायला लागले. "अगो, परत का आणलास?"

आणि शमिका बोलली. "काका, आमच्याकडे परत आणतात."

मराठीत! अख्खं वाक्य! मी उल्हासचा दंड असा धरला की ते कळवळले.

"इथं नाय आणत," काका म्हणाले. "इथं तो जातो. पुढच्या वर्षी नवा घडवायचा."

"मग पुढच्या वर्षी कोण घडवणार?"

गावातल्या कुणी हे तोंडावर विचारलं नसेल. आजूबाजूची माणसं वाळूकडे बघायला लागली.

"कोण नाय," काका म्हणाले. "मला मुलगा नाय."

"नैना आहे की."

"ती नोकरी करते. तिला कुठं जमतंय?"

"तुम्ही विचारलं?"

"नाय," काका म्हणाले.

"मग विचारा ना."

देवा रे, तो ठसका माझा होता! मी तिच्या बाबांशी नेमकी अशी बोलते. इतकी वर्षं ही सगळं आत साठवत होती की काय? कौतुकाने मला हुंदका आला, लपवायचं काय त्यात.

आपलं नाव ऐकून नैना बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. काकांनी तिला क्रिओलमध्ये काहीतरी विचारलं, अगदी थोडक्यात. उत्तर मात्र थोडक्यात आलं नाही. ती बोलत सुटली, तावातावाने, हात झाडत, डोळ्यांतून पाणी. आम्हाला एक शब्द कळला नाही. मिलन आमच्याकडे फोन धरून विचारतोय, "काय म्हणतेय?" आता आम्हाला काय ठाऊक!

"काका, काय म्हणाली?" शमिकाने विचारलं.

काका म्हणाले, "म्हणते, शाळेत जायची तेव्हापासून माती मी मळून देते. सोंड तुटली की मी जोडते. डोळेसुद्धा चार वर्षं मीच काढते, तुमचा हात कापतो म्हणून. आणि मला आज विचारताय?"

शमिकाने मूर्ती नैनाच्या हातात दिली. नैना साडीसकट पाण्यात शिरली. शमिका जिथवर गेली होती त्याच्याही पुढे, लाट गळ्याशी येईपर्यंत गेली आणि मूर्ती सोडली. मोरयाचा एवढा गजर झाला की इकडे उल्हास रविवारी आवाज करायचा नाही हा इथला नियम-बियम विसरून, उघड्या खिडकीशी उभे राहून ओरडले. मीही ओरडले. वरची शेजारीण बाल्कनीत आली, तर येऊ दे.

नैना निथळत बाहेर आली. काकांनी तिच्या दोन्ही हातांवरची ओली माती आपल्या धोतराने पुसली आणि तिला मराठीतच म्हणाले, "पुढच्या वर्षी माती जरा लवकर आणू. तुला सुट्टी कधी, ते सांग."