डांगर

आमच्या खानदेशात डांगर म्हणजे लाल भोपळा. बाजारात डांगराची फोड मागायची, घरी येऊन भाजी करायची, नाहीतर घाऱ्या तळायच्या. यात शंका घेण्यासारखं काही असेल, असं मला तिशी उलटेपर्यंत कधी वाटलं नव्हतं. माझी ही खात्री एका बाईच्या जिवावर बेतली होती, ती गोष्ट सांगायची आहे. आणि ज्यांच्यामुळे ती बाई वाचली, त्यांचे आभारही मानायचे आहेत, कारण तेव्हा ते धडपणे मानले गेले नाहीत.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. नवऱ्याला चेन्नईला मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून आम्ही अण्णा नगरात भाड्यानं राहायला आलो. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली. गुन्ह्यांच्या तपासाला मदत करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मला सूक्ष्मदर्शकाच्या टेबलावर काम मिळालं. कुणाच्या चपलेची माती, कुणाच्या शर्टावरचे परागकण, कुणाच्या पोटातलं अन्न, असलं सगळं माझ्यापुढे यायचं. सासूबाई फोनवर विचारायच्या, "आज काय पाहिलंस गं?" आणि मी सांगायला लागले की म्हणायच्या, "नको, नको, मला जेवायचंय."

आमचे साहेब तमिळ, निवृत्तीला आलेले, बोलायला रोकडे. त्यांचा एक नेम होता. अहवाल सहीला नेला की ते आधी एक कोरी चिठ्ठी पुढे सरकवायचे. आपण काय तपासलेलं नाही, ते त्यावर लिहायचं. ती चिठ्ठी फायलीत जायची नाही, त्यांच्या खणात राहायची. मला तो नेम म्हणजे म्हातारपणाचा चाळा वाटायचा. मी बहुतेक वेळा चिठ्ठी कोरीच परत द्यायचे.

त्या वर्षी पावसाळ्यात शहरात फार पाणी भरलं होतं. ते ओसरल्यावर महिन्याभरानं मैलापूरच्या एका घरात साठीशांत झाली. जेवणानंतर सात जण आजारी पडले. यजमानांचे थोरले भाऊ तिसऱ्या दिवशी गेले. उरलेल्या अन्नात वाळवी मारायचं औषध सापडलं, तेही एकाच पदार्थात, पच्चडीत, म्हणजे दह्यातल्या कोशिंबिरीत. संशय स्वयंपाक करणाऱ्या अक्कांवर गेला. या अक्का तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातल्या, विधवा, त्या घरी अन् त्या गल्लीत वीस वर्षं राबलेल्या. आठच दिवसांपूर्वी मालकिणीशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ते गल्लीनं ऐकलं होतं. पोलिसांना आणखी काय हवं?

इन्स्पेक्टर माझ्याकडे एक कागद घेऊन आले. स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलेली, त्या दिवशीच्या पदार्थांची यादी. अक्कांनी ती देवनागरीत लिहिली होती. "मॅडम, ही हिंदी आहे का?" असं त्यांनी विचारलं. मी ऐटीत म्हटलं, "हिंदी कसली! मराठी आहे. माझी भाषा." आणि घडाघडा वाचून दाखवलं. केळ्याची भाजी, आमटीसारखं अंबट, पायस आणि डांगर पच्चडी.

"डांगर म्हणजे?"

"लाल भोपळा," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली. तमिळ घरांतही लाल भोपळ्याची पच्चडी होते. मी तसं लिहून सही केली. वर अगोचरपणा असा की पच्चडीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मीच दुसरा कागद लिहिला होता, की यात भोपळ्याची एकही पेशी नाही, सगळं उडदाचं पीठ आहे. दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवून मी साहेबांना म्हटलं, "बाई खोटं बोलतेय, सर. लिहिलं भोपळा, केलं पीठ. पिठात औषध लपतं ना!" त्यांनी चिठ्ठी सरकवली. मी ती कोरी परत दिली. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात, ते हेच.

अक्का चौकशीत तमिळमध्ये एकच सांगत राहिल्या, की पच्चडी उडदाच्या पिठाचीच करायची होती आणि यादीतही तेच लिहिलंय. पोलीस हसले. माझ्या सहीचा कागद त्यांच्या खिशात होता. स्वयंपाकघरातला पिठाचा डबा त्यांनी जप्त केला, पण तो ठाण्यातच पडून राहिला. बाई खोटं बोलतेय, हे ठरल्यावर डबा तपासायचा कशाला? अक्का तुरुंगात गेल्या.

आता हे माझ्या लक्षात कसं आलं, ते ऐका. अक्कल वापरून नव्हे, जेवताना. आमच्या वरच्या मजल्यावर बँकेत काम करणाऱ्या गृहस्थांचं कुटुंब राहायचं, मूळचं रत्नागिरीकडचं. त्या वहिनी अन् मी दर रविवारी एकमेकींकडे जेवायचो. हेतू एवढाच, की आठवड्यातून एकदा तरी पोटभर मराठी बोलायला मिळावं. त्या रविवारी त्यांनी पानात पांढरट, दह्यात कालवलेलं काहीतरी वाढलं. वरून हिंगाची फोडणी.

"हे काय?"

"अगो, डांगर. खाऊन बघ."

मी हसले. "वहिनी, डांगर म्हणजे भोपळा. ह्यात भोपळा कुठाय?"

"भोपळा? डोंबल तुझं! डांगर म्हणजे उडदाचं पीठ. पापडाला नाही का करत आपण डांगर? तुमच्या खानदेशात काय करतात कोण जाणे!"

घास माझ्या तोंडातच राहिला.  वहिनींना वाटलं, मीठ जास्त झालं. मी पानावरून उठले, हात धुतले आणि त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून रडले. एक बाई माझ्या शब्दावर तुरुंगात बसली होती, आणि तिनं अक्षरन् अक्षर खरं लिहिलं होतं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता समजूत घालतील. छे! त्या म्हणाल्या, "रडून काय होणार आहे? उद्या उठून साहेबांना सांग. नाही सांगितलंस तर माझ्याकडे जेवायला येऊ नकोस." इतकं प्रेमानं मला आजवर कुणी दटावलेलं नाही.

सोमवारी मी साहेबांपुढे उभी राहिले. नोकरी जाणार, हे धरूनच गेले होते. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खण उघडून माझी ती कोरी चिठ्ठी काढली आणि म्हणाले, "आता लिही."

मी लिहिलं, "हा शब्द त्या बाईंच्या घरी कशाला वापरतात, ते मी विचारलं नाही."

"सही कर. हे मी कोर्टाला कळवणार. तुझ्या नावानं," ते म्हणाले. "आणि तो डबा मागवून घे." ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

डबा आला. रसायनवाल्यांना पिठात तेच औषध मिळालं. पण त्यानं अक्का सुटत नव्हत्या. डब्यात औषध त्यांनीच कालवलं असेल, असं कुणीही म्हणालं असतं. मी पीठ काचपट्टीवर घेऊन बसले. उडदाच्या कणांमध्ये मला काहीतरी चमकताना दिसलं. लांबट, होडीसारखं, अंगावर बारीक रेघा. मी डोळे चोळले. ते डायटम होते. पाण्यातलं हे सूक्ष्म शेवाळ, पण त्याचं कवच काचेचं असतं. वाळलं, दळलं गेलं, तरी बरंचसं टिकतं. आणि प्रत्येक पाणथळीत त्यांची आपली आपली जमात असते. बुडालेल्या माणसांच्या कामात मी ते शेकड्यांनी पाहिले होते. पण पिठात? हे तर दलदलीतले, निमखाऱ्या पाण्यातले. मैलापूरच्या स्वयंपाकघरात दलदल कुठून येणार?

मी हाका मारत साहेबांकडे पळाले. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि पहिल्यांदाच मला म्हणाले, "शाबास." मग लगेच, "दुकानदार माल कुठे ठेवतो, ते विचारा."

दुकान मैलापुरात, पण गोदाम पेरुंगुडीला, दलदलीच्या काठावर. तिकडे तेव्हा काचेच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या, आणि प्रत्येकीच्या पायाभरणीत वाळवीचं औषध ओतलं जायचं. गोदामाच्या मालकानं अर्धी जागा त्या औषधाच्या डब्यांना भाड्यानं दिली होती. साहेब, इन्स्पेक्टर अन् मी तिथे गेलो. भिंतीवर माझ्या कमरेइतकी उंच चिखलाची रेघ होती, पुराचं पाणी चढलं होतं तिथवर. खाली गंजून फुटलेले डबे होते, त्यांच्याशेजारी पोत्यांच्या खुणा. उडदाची पोती त्या पाण्यात भिजली होती. दुकानदारानं ती गच्चीवर वाळवली, दळून आणली आणि पाकिटं भरून विकली. वास यायचा तो फोडणीतल्या हिंगाखाली दडून गेला.

मी भिंतीवरचा चिखल खरवडून आणला. त्यातले डायटम अन् पिठातले डायटम अगदी तेच. दुकानातली दोन बंद पाकिटं आणली, त्यांतही तेच डायटम आणि तेच औषध. त्या पाकिटांना अक्कांचा हात लागणं शक्यच नव्हतं. साहेबांनी अहवालात सगळ्यात वर माझी चूक लिहिली अन् तिच्याखाली माझा शोध. दोन्हींना माझंच नाव. अक्का सुटल्या, दुकानदारावर खटला भरला गेला.

त्यानंतर मी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. पण मला झोप लागेना. शेवटी एका रविवारी सकाळी एकटीच मैलापूरला गेले, देवळामागच्या गल्लीत पत्ता शोधत. अक्का एका खोलीत राहत होत्या. लहानखुऱ्या, नाकात दोन्हीकडे चमक्या, लुगडं स्वच्छ. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला पाटावर बसवलं, आणि मी सगळं बोलून टाकलं. ती यादी मी वाचली. भोपळा मी लिहिलं. सही माझी.

"मज ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. त्यांचं मराठी जुनं होतं आणि तमिळ चालीत हेलकावे खात होतं. "ठाण्यात तो इन्स्पेक्टर बोलला, तुमच्याच भाषेची बाई वाचून गेली म्हणून. मज फार लागलं ते. तमिळ माणसास कळलं नाही तर कळलं नाही. पण आपली भाषा बोलणारी, तिला डांगर कळू नये?"

आमच्याकडे डांगर म्हणजे लाल भोपळा, एवढंच मी सांगितलं.

"मग तुझे साहेब येऊन बोलले, तीच बाई आपली चूक सांगायला पुढे आली म्हणून. अशी पुढे येतात कां माणसं? मी पाहिलं नाही." त्या उठल्या. "बैस. जेवून जा."

मग मला कळलं की अक्का सुटल्या होत्या, पण त्यांचा हात सुटला नव्हता. वीस वर्षं ज्या गल्लीनं त्यांच्या हातचं खाल्लं, तिथे आता कुणी त्यांना स्वयंपाकाला बोलावत नव्हतं. कोर्टानं निर्दोष म्हटलं तरी जिभेला कोर्ट कुठे कळतं? शेजारीण त्यांनी दिलेलं ताक दारातल्या तुळशीत ओतायची. हे त्यांनी तक्रार म्हणून नाही, सहज सांगितलं. केळीचं पान मांडलं. भात वाढला, अंबट वाढलं. आणि पानाच्या कडेला दह्यातलं डांगर वाढून त्या माझ्यासमोर बसल्या. पंखा घेतला नाही की पाणी विचारलं नाही. नुसत्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

माझा हात एक क्षण थांबला. खोटं कशाला बोलू? सगळ्या जगात त्या पिठात काय होतं, हे माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलं नव्हतं.

मग मी खाल्लं. आंबट, थंड, हिंगाचा घमघमाट. मी म्हटलं, "अक्का, अजून वाढा."

त्यांनी वाढलं. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "तुमच्याकडचं ते दुसरं डांगर, भोपळा, तो आण एकदा. कसा करतात ते सांग. दोन्ही करून ठेवते."

पुढच्या रविवारी वहिनी अन् मी मिळून एक भलामोठा भोपळा रिक्षातून मैलापूरला नेला. साहेबांनाही बोलावलं होतं, ते आले. वहिनींचे अन् त्यांचे आभार तेव्हाही तोंडानं मानायचे राहिलेच, ते आज इथे मानते. आम्ही चौघं जेवलो, दार सताड उघडं ठेवून, म्हणजे गल्लीला आमची पानं दिसावीत.